आत येणे वेगळे, अधिकार वेगळा

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बेळगावातल्याच एका सौहार्द सहकारी संस्थेत दोन महिने काम केले. पहिल्या दिवशी साहेबांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या. वरच्या ओळीत माझे नाव, खालच्या ओळीत पासवर्ड. ती चिठ्ठी मी संध्याकाळी घरी नेऊन आईला दाखवली! आज ते आठवले की हसू येते. पण त्या दिवशी आनंद खरा होता. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, इंग्रजी पडद्यासमोर बसले की बिचकणाऱ्या मुलीला कोणीतरी एका बँकेचे दार उघडून दिले होते. पासवर्ड मिळाला म्हणजे अधिकार मिळाला, असा माझा समज झाला. तो किती खोटा होता हे कळायला एकोणीस दिवस लागले. ती हकीकत आणि तिच्यातून मी काय शिकले ते सांगावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पासवर्डला मराठीत परवलीचा शब्द म्हणतात. शब्द छावणीतला. आपल्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, तेव्हा छावणी म्हणजे काय हे बेळगावकरांना सांगायला नको. पहारेकऱ्याने अडवले, परवलीचा शब्द बरोबर निघाला, की येणारा माणूस आपल्यातला आहे एवढे ठरते. तो दारूगोळ्याच्या कोठारात जाऊ शकतो की नाही, हे त्या शब्दाने ठरत नाही. त्यासाठी निराळा हुकूम लागतो.

मित्रहो, आपल्या हॉल तिकिटाचेच उदाहरण घ्या. वरच्या बाजूला फोटो आणि क्रमांक असतो. पर्यवेक्षक फोटो पाहतात, आपले तोंड पाहतात आणि आत सोडतात. आपण कोण, या प्रश्नाचे ते उत्तर झाले. पण त्याच कागदावर खाली विषयांची यादी असते. आपण कोणत्या पेपरला बसू शकतो, या प्रश्नाचे उत्तर तेथे असते. फोटो कितीही हुबेहूब असला, तरी यादीत नसलेला पेपर आपल्याला मिळत नाही. कागद एक, पण प्रश्न दोन. ‘तू कोण?’ हा पहिला. ‘तुला काय करण्याची मुभा आहे?’ हा दुसरा. लॉग-इन पहिल्याचे उत्तर देते, परवानगी दुसऱ्याचे.

खिशातल्या मोबाईलमध्येही हेच आहे. बोटाच्या ठशाने फोन उघडतो, पण खात्यातून पैसे पाठवायचे तर सहसा यूपीआयचा पिन निराळा टाकावा लागतो. फोन उघडणे म्हणजे आत येणे. पिन टाकणे म्हणजे ‘माझ्या खात्यातून पैसे काढा’ असा हुकूम देणे. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही, हे बँका वारंवार सांगतात. तरीही ‘तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका’ असे म्हणणाऱ्या भामट्याला शिकली-सवरलेली माणसे फसतात. याचे कारण हेच की, हे दोन प्रश्न आपल्या मनात एकमेकांत मिसळलेले आहेत.

आता माझी हकीकत. संस्थेत साहेब धरून पाच माणसे. मुख्य व्यवहार पिग्मीचा. दक्षिणेकडे पिग्मी ठेव रुजवली ती उडुपीच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. पण पिग्मी हा शब्द आमच्या बाजारपेठेत कायमचा राहिला. एजंट रोज दुकानोदुकानी फिरून वीस, पन्नास, शंभर रुपये गोळा करतो, आणि वर्षभराने त्या थेंबांचे तळे होते. पिग्मीचा खातेदार म्हणजे मोठा व्यापारी नव्हे. भाजीवाली, शिंपी, पानपट्टीवाला असाच तो असतो.

माझे काम एन्ट्री टाकण्याचे. मी टाकलेली एन्ट्री साहेबांनी पडद्यावर पाहायची, व्हाउचरशी ताडायची आणि पास करायची; मगच रक्कम इकडची तिकडे होणार, असा नियम. नियम उत्तम होता. प्रत्यक्षात मात्र दोन गोष्टी निराळ्या होत्या. एक म्हणजे, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या माणसाने सर्वांना सर्व दारे मोकळी ठेवली होती. मी सुट्टीपुरती आलेली मुलगी; पण माझ्या पडद्यावर व्याजाचा दर बदलण्यापासून खाते बंद करण्यापर्यंत सगळी यादी दिसत असे. फक्त पास करणे तेवढे साहेबांच्या नावावर होते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, साहेबांचा पासवर्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली, गणपतीच्या चित्राशेजारी लिहून ठेवलेला होता. साहेब बाहेर गेले की ज्येष्ठ कारकून काका त्या पासवर्डने एन्ट्र्या पास करीत. सहा वर्षे हेच चालले होते. कोणी एक पैसा खाल्ला नव्हता. म्हणून कोणाला त्यात काही वावगेही वाटत नव्हते.

एकोणिसाव्या दिवशी साहेब सभेसाठी हुबळीला गेले होते. काका चेक घेऊन दुसऱ्या बँकेत गेले होते. फळे विकणाऱ्या एका मावशींचे पिग्मी खाते मुदत संपून बंद व्हायचे होते, आणि १८,४०० रुपये त्यांच्या बचत खात्यात जमा करायचे होते. मी नाव टाईप केले. पडद्यावर त्या नावाच्या दोन खातेदार आल्या. गल्लीही एकच. मी वरची निवडली. व्हाउचरवर खाते क्रमांक शाईने स्पष्ट लिहिलेला होता. मी नाव पाहिले, क्रमांक पाहिला नाही. मावशी समोर उभ्या होत्या, त्यांना गाडीवर परतायची घाई होती. मी उठले, काच उचलली, चिठ्ठी पाहिली आणि साहेबांच्या नावाने माझीच एन्ट्री पास केली. चूक माझी होती. ती तपासलीही मीच, आणि मला ती बरोबर वाटली. दुसरे काय होणार? माणसाला स्वतःची चूक दिसत असती तर ती झालीच नसती.

चार दिवसांनी मावशी आल्या. मुलीच्या प्रवेशाची फी भरायची होती. खात्यात पैसे नाहीत! शोध घेतला तेव्हा कळले की रक्कम दुसऱ्याच बाईंच्या खात्यात गेली आणि तेथून रातोरात त्यांच्या थकलेल्या कर्जात वळती झाली. व्यवस्थेने आपले काम चोख केले होते. हिशेब अगदी जुळत होता. फक्त पैसे ज्यांचे होते त्या रिकाम्या हाताने काउंटरसमोर उभ्या होत्या.

चेअरमन आले. नोंद काढली. एन्ट्री टाकली माझ्या नावाने. पास केली साहेबांच्या नावाने, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. साहेब त्या वेळी हुबळीत होते, हे सर्वांना ठाऊक होते. मग पास कोणी केली? कोणी काही बोलले नाही, पण सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. साहेबांचा पासवर्ड काका वापरतात, हे उघड गुपित होते. काका निवृत्तीला दोन वर्षे असलेले गृहस्थ. त्यांनी एवढेच म्हटले, “मी नव्हे.” ते सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीच नव्हते.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या दिवशी मी गप्प बसले. घरी गेले, जेवण गेले नाही, रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितले, “पास मी केली होती.” मावशींचे पैसे त्याच दिवशी उलट नोंद करून मिळाले, फीची तारीख टळली नाही. साहेब रागावले, पण माझ्यापेक्षा स्वतःवर अधिक. काका मात्र दुपारी चहाच्या वेळी म्हणाले, “पोरी, तू बोललीस म्हणून मी सुटलो. नसतीस बोलली तर? मशीन साहेबांचे नाव सांगते, साहेब माझे नाव सांगतात, मी कोणाचे सांगू?” आणि मग आपल्या घरच्या भाषेत पुटपुटले, “बागला तेरदैति अंत एल्ला नम्देन?” दार उघडे आहे म्हणून सगळे आपलेच का? हे त्यांनी मला उद्देशून म्हटले की सहा वर्षांच्या आपल्याच सवयीला, ते मला अजून कळलेले नाही.

या प्रसंगानंतर मी पुष्कळ विचार केला. अशी चूक आमच्यासारख्या भल्या माणसांच्या कचेरीत का होते? मला वाटते, याचे मूळ आपल्या कागदी सवयीत आहे. कागदावर ‘मंजूर’ लिहून साहेबांनी सही केली, की त्या एका फटकाऱ्यात दोन्ही प्रश्नांची उत्तरे येत. अक्षराच्या वळणावरून सही कोणाची हे कळे, आणि सही त्यांची म्हणजे मंजुरीही त्यांचीच, हेही कळे. शिवाय सही उधार देता येत नसे. साहेब हुबळीला गेले, तर त्यांचा हात त्यांच्याबरोबरच जाई! संगणकाने या एका कृतीच्या दोन कृती केल्या. ओळख एका जागी ठेवली, मंजुरी दुसऱ्या जागी. आणि ओळख अशा वस्तूत ठेवली की जी चिठ्ठीवर लिहून काचेखाली ठेवता येते. यंत्र बदलले, आपण मात्र अजून सहीच्याच जमान्यात वावरतो. पासवर्ड चालला म्हणजे साहेबांची सही झाली, असे समजतो.

ही केवळ लहान संस्थांची गोष्ट आहे, असे कोणी म्हणू नये. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना बेअरिंग्ज बँकेचे नाव परिचित असेल. १७६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेली ही बँक १९९५ साली बुडाली. सिंगापूर कचेरीतला निक लीसन हा सौदे करणाराही होता आणि त्या सौद्यांची नोंद व पूर्तता पाहणाऱ्या विभागाचा प्रमुखही होता. आपला तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या एका खात्यात लपवीत गेला. तोटा सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला, आणि दोनशे तेहतीस वर्षांची बँक एका डच कंपनीने एका पौंडाला घेतली. लीसनने कोणाचे कुलूप फोडले नव्हते. दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या त्याला वरिष्ठांनीच दिल्या होत्या. करणारा आणि तपासणारा एकच. माझ्या १८,४०० रुपयांच्या एन्ट्रीत आणि त्यात फरक रकमेचा आणि हेतूचा; रचनेतले भगदाड तेच.

आपल्याकडचे उदाहरण पंजाब नॅशनल बँकेचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये या बँकेने मुंबईतल्या आपल्या ब्रॅडी हाऊस शाखेतील गैरव्यवहार जाहीर केला. आरंभी आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता, पुढे तो १३,००० कोटींच्या वर गेला. परदेशातील बँकांना हमीपत्रे पाठवण्यासाठी स्विफ्ट नावाची संदेशव्यवस्था वापरली जाते. तिच्यातून हमीचे संदेश गेले. पण बँकेच्या मुख्य हिशेबात, म्हणजे कोअर बँकिंगमध्ये, त्यांची नोंदच नव्हती. दोन व्यवस्था एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. दोष कोणाचा व किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपल्यापुरता धडा एवढाच की, परदेशातल्या बँकेने संदेश पाहिला, तो योग्य दारातून आला आहे एवढे पाहिले आणि पैसे दिले. त्या संदेशामागे कर्जमंजुरी आहे काय, तारण आहे काय, हा दुसरा प्रश्न दारावर कोणी विचारलाच नाही. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा हमीपत्रांची पद्धतच बंद केली.

तिसरे उदाहरण अमेरिकेतले, आणि मला सर्वांत विचार करायला लावणारे. जॉर्जिया राज्यातल्या एका पोलीस सार्जंटने पैशाच्या मोबदल्यात एका मोटारीच्या क्रमांकाची माहिती सरकारी संगणकातून काढली. लॉग-इन त्याचे स्वतःचे, खरे. ती माहिती पाहण्याची सोयही त्याला कामासाठी दिलेली. फक्त हेतू खोटा. संगणकाच्या गैरवापराविरुद्ध तेथे १९८६ चा कायदा आहे. त्याखाली त्याला शिक्षा झाली, पण जून २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय फिरवला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: संगणकाचा जो भाग त्याला खुला होता त्यात तो गेला, वाईट हेतूने गेला, तरी या कायद्याच्या अर्थाने त्याने आपली मर्यादा ओलांडली नाही. त्याचे वागणे योग्य होते असे कोणी म्हटले नाही. पण यातून एक कठोर सत्य दिसते. दार लावायचे काम ज्याचे, त्याने ते उघडे ठेवले, तर पुढे कायदाही मदतीला येईलच असे नाही.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याविषयी तरतूद आहे. शब्द पाहा: परवानगीशिवाय. पासवर्डशिवाय, असे तेथे म्हटलेले नाही. म्हणजे कुलूप न फोडताही माणूस चुकीच्या बाजूला असू शकतो.

आता यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप विश्वासाचा. “आम्ही सगळी घरची माणसे. एकमेकांवर विश्वास नाही काय?” आमच्या संस्थेतही हेच वाक्य ऐकले. विश्वास असावाच. पण काकांवर सर्वांचा सहा वर्षे विश्वास होता, आणि तो कसोटीच्या पहिल्या दहा मिनिटांत गळून पडला. सगळ्या नजरा त्यांच्याकडेच वळल्या ना? ज्याच्या हातात दुसऱ्याचा पासवर्ड आहे, त्याच्यावर संशय घेणे सोपे आणि त्याला तो झटकणे अशक्य. मर्यादा घालणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. उलट विश्वास टिकावा म्हणूनच ती घालायची. विश्वास माणसावर ठेवावा. पण काम त्याच्याच नावावर पडावे.

दुसरा आक्षेप सोयीचा. “पाच माणसांच्या कचेरीत कसली आली विभागणी? साहेब नसले तर काम थांबवायचे काय?” थांबवू नये. पण त्याला उपाय दुसऱ्याचा पासवर्ड हा नाही. साहेब बाहेर जाताना ‘आज तीन ते सहा पास करण्याचा अधिकार काकांकडे’ असे लिहून, काकांच्या नावाने तो चालू करता येतो आणि परतल्यावर काढून घेता येतो. अधिकार देता येतो. ओळख मात्र कोणी कोणाला देऊ नये. एन्ट्री टाकणारा एक आणि पास करणारा दुसरा, एवढी दोन माणसे तर सर्वांत लहान संस्थेतही असतात. आमच्या ऑडिटिंगच्या पुस्तकात अंतर्गत तपासणीचे प्रकरण असते, त्याचे सारही हेच: एकाचे काम दुसऱ्याच्या कामातून आपोआप तपासले गेले पाहिजे. पाच गुणांची टीप म्हणून मी ते पाठ केले होते. कळले मात्र मावशींचा चेहरा पाहिल्यावर.

यात नवीन शोध लावायचे काही उरलेले नाही. १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकन संशोधकांनी संगणकाच्या सुरक्षिततेवर एक निबंध लिहिला. त्यातले एक तत्त्व असे की, प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच, कमीत कमी अधिकार असावा. १९९२ साली डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावा, अशी पद्धत मांडली. आपल्या भाषेत सांगायचे तर, अधिकार खुर्चीचा. कॅशियरच्या खुर्चीवर जो बसेल त्याला कॅशियरचे अधिकार, उठला की गेले. नाव मात्र ज्याचे त्याचे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो माझ्या स्वतःच्या मनात होता. तो आहे अपमानाचा. प्रसंगानंतरच्या आठवड्यात सॉफ्टवेअरचा माणूस आला आणि त्याने माझी दारे बंद केली. तिसेक कामांच्या यादीतली सहा उरली. बाकीच्यांवर बोट ठेवले की पडदा इंग्रजीत सांगे, ‘तुम्हाला परवानगी नाही’. आधीच इंग्रजीचा न्यूनगंड. त्यात यंत्राने असे उंबऱ्यावरच थांबवायचे! दोन दिवस मला आपली पायरी खाली आणल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी मात्र एकदम हलके वाटले. उद्या व्याजाच्या दरात घोळ झाला, तर माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकणार नव्हते. ते दार मला उघडतच नव्हते! नकार देणारा तो पडदा माझ्या बाजूने साक्ष देणारा होता. कचेरीतल्या सर्वांत लहान माणसाला मर्यादेची गरज सर्वांत जास्त असते, कारण खापर फुटायचे झाले की ते त्याच्याच डोक्यावर फुटते.

सरकारनेही या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, की ज्यात प्रत्येक व्यवहारातील बदलाचा माग नोंदला जातो आणि तो बंद करता येत नाही. हा नियम कंपन्यांसाठी आहे, आमच्या सौहार्द संस्थांसाठी नव्हे. पण दिशा चांगली आहे. तरीही मला वाटते, माग ठेवणारे यंत्र तेवढेच खरे बोलते, जेवढे आपण त्याच्याशी खरे बोलतो. आमच्या संस्थेतही माग होताच की! तारीख होती, वेळ होती, मिनिटसुद्धा होते. फक्त माणूस खोटा होता.

आपल्यापैकी पुष्कळजण दोन-तीन वर्षांत कोठल्या ना कोठल्या संगणकासमोर बसणार आहेत. कर सल्लागाराच्या कचेरीत, बँकेत, गोव्याच्या एखाद्या हॉटेलात, पुण्याच्या एखाद्या कंपनीत. त्यांना माझे सांगणे एवढेच. पहिल्या दिवशी पासवर्ड मिळाला की आनंद जरूर माना. पण ‘यात मी काय काय करायचे आणि काय करायचे नाही?’ हे तेथेच विचारा, आणि शक्य तर लिहून घ्या. दुसऱ्याचा पासवर्ड कोणी प्रेमाने दिला तरी घेऊ नका. वरिष्ठाला नाही म्हणणे अवघड असते हे मला ठाऊक आहे. “साहेब, माझ्याच नावाने तेवढा अधिकार चालू करून द्या,” असे म्हटले, तर त्यात उद्धटपणा नाही आणि कामही अडत नाही. जागेवरून उठताना आपले लॉग-इन बंद करा. आणि पडद्यावर एखादे काम दिसते म्हणून ते आपले, असे समजू नका.

हे नियम आपण महाविद्यालयापासूनच का पाळू नयेत? शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपण सायबर सेंटरवाल्याला पासवर्ड सांगून मोकळे होतो, तो त्याच्या वहीत लिहूनही घेतो. आपला अर्ज, आपले बँक खाते, आपली कागदपत्रे यांची किल्ली त्या वहीत वर्षानुवर्षे पडून राहते. आणि प्राध्यापकांची क्षमा मागून एक विनंती. अंतर्गत गुण भरण्याच्या घाईत एखाद्या विश्वासू विद्यार्थ्याला आपला पासवर्ड देऊन बसवण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. तो मुलगा प्रामाणिकच असेल. पण उद्या एखाद्याचे गुण चुकले, तर त्या प्रामाणिक मुलाला स्वतःला निर्दोष ठरवण्याचा मार्ग उरणार नाही, हे मी अनुभवाने सांगते. आपले काम हलके करणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर आपण नकळत केवढे ओझे ठेवतो, याचा विचार व्हावा.

जुलैत काम सोडताना मी साहेबांना विचारले, “माझे नाव काढले का?” ते म्हणाले, “असू दे ग, दिवाळीत परत येशीलच ना?” मी म्हटले, “दिवाळीत आले तर नवीन द्या. आज काढा.” ते हसले, पण माझ्यासमोरच त्यांनी ते रद्द केले. मग मी त्यांच्याच देखत माझे नाव आणि पासवर्ड टाकून पाहिला. पडद्याने मला आत घेतले नाही. काका पाठीमागे उभे होते. “आता जा निर्धास्त,” ते म्हणाले.

साहेबांच्या टेबलावरची काच तेव्हा स्वच्छ पुसलेली होती. तिच्याखाली आता फक्त गणपती होता.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष